खर्जासाठी कार्पेट एरिया

मुंबईत गाडी चालवायची हौस आहे असं सांगणारा माणूस एकतर पहाटे चारला निघतो, नाहीतर थापा मारतो. बाकीचे आपण गाडीत नुसते बसतो. चेंबूरहून दादरला निघावं, सायनला मुक्काम करावा, किंग्ज सर्कलला थोडं टेकावं आणि हिंदमाताला मागच्या बेस्टच्या ड्रायव्हरशी आरशातून ओळख वाढवावी. घरात इतका वेळ एका जागी बसलो तर कुणीतरी समोर मटार सोलायला ठेवतं. गाडीत तो धोका नाही. तेव्हा गाडीत नीट ऐकायची सोय असावी ही माझी मागणी चैनीची नव्हती. तो निवासी हक्क होता.

गाडी मात्र मारुती ८००. २००४ सालची, सासऱ्यांची. अप्पांनी ती आम्हाला दिली तेव्हा किल्लीबरोबर एक वहीही दिली होती. पहिल्या दिवसापासून किती पेट्रोल भरलं त्याचा हिशोब, शेजारी शाईत शेरे. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओने तपासून पाच वर्षं वाढवून दिली, ती संपल्यावर पुन्हा दिली. खुद्द कंपनीने हे मॉडेल २०१४च्या जानेवारीत बंद केलं, पण अप्पांना ते मान्य नाही. म्युझिक सिस्टीमचा विषय काढताच बायकोने पहिलं कलम घातलं, “काय हवं ते कर, पण अप्पांच्या गाडीला एकही भोक पडता कामा नये.”

आता मला हवं काय होतं? तंबोरा. काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला, लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची, सर्वांत खालच्या ‘सा’ची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते. डॅशबोर्डमधला चार इंची स्पीकर तिथवर धडपणे उतरतच नाही. तो वरचे स्वरांश वाजवतो आणि आपला कान मोठ्या मनाने खालचा मूळ स्वर गृहीत धरतो. पण गृहीत धरलेल्या खर्जावर माणसाने किती वर्षं काढावीत? डग्ग्यावर तळवा घासून काढलेला घिस्सा तर त्या स्पीकरमधून, कुणीतरी जिन्यावरून पोतं ओढत नेतंय असा यायचा.

म्हणून लॅमिंग्टन रोड. पाटीवर ‘डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग’ लिहिलेलं आहे, पण ते टॅक्सीवाल्याला सांगून बघा. दुकानदाराने आधी टचस्क्रीन दाखवला. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डमधली खाच १८० बाय ५० मिलिमीटरची, टचस्क्रीनला उंची लागते १००. “काट देंगे ना, साहब,” तो इतक्या सहज म्हणाला की माझ्या डोळ्यांसमोर वही आली. मग त्याने खाचेत बसणारा साधा स्टिरिओ काढला. खोक्यावर ‘५० वॉट × ४’.

इथे माझ्यातला बारावी सायन्स जागा झाला. मी स्टिरिओ उलटा करून पाठ बघितली. फ्यूज १० अँपिअरचा. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट मिळतात, म्हणजे आत जाणार जास्तीत जास्त १४४ वॉट. मग बाहेर २०० कुठून येणार?

“वो म्युझिक पॉवर है, साहब.”

“आणि खरी पॉवर?”

“खरी पॉवर किसको चाहिए?” असं म्हणून तो शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळला. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर हजार-हजार वॉट पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कागदी ताकद, छापायचे, त्याच घराण्याचा हा शागीर्द. बारा व्होल्टच्या गाडीत असा स्टिरिओ चार ओहमच्या स्पीकरला चॅनेलमागे अठरा-वीस वॉट देतो. तेवढे पुरतात. चार माणसांच्या डब्यात त्याहून जास्त लागत असतील तर कानाचा डॉक्टर गाठावा.

खर्जासाठी मात्र वेगळा सबवूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणारा स्पीकर हवा, आणि सबवूफर म्हटलं की आली जागा. सीटखाली सरकवायचे चपटे सबवूफर मिळतात, त्यातला क्लास डी अँप्लिफायर लहान आणि फारसा न तापणारा. मला तो फार आवडला होता. पण सोसायटीतल्या कुलकर्णी काकांनी एकच प्रश्न विचारला, “हिंदमाताला पावसात पाणी कुठपर्यंत येतं?” मुंबईत गाडीच्या तळाशी विजेची वस्तू ठेवायची म्हणजे दर जुलैत तिचं विसर्जन. काकांचा मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच त्यांचा राग आला.

उरली डिकी. आठ इंची सबवूफरसाठी मी बाहेरून ३० बाय ३० बाय २५ सेंटिमीटरचा बंद खोका योजला. साडेबावीस लिटर. पण १८ मिलिमीटरच्या एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) भिंती वजा केल्या की आत पंधरा लिटरही उरत नाहीत, त्यातून पुन्हा मॅग्नेट जागा खातो. बिल्टअपचे पैसे मोजायचे आणि कार्पेटमध्ये राहायचं, हा या शहराचा जुना रिवाज स्पीकरलाही चुकलेला नाही.

तो अर्थात माझा हिशोब. बायकोने टेप घेऊन स्वतः डिकी मोजली. “यात दळणाचे दोन डबे राहतात.”

“पण दळण काही रोज नसतं.”

“तंबोरा रोज असतो का?”

तडजोड अशी ठरली, की खोका डिकीच्या कडेला पट्ट्याने बांधायचा, आणि दळणाच्या दिवशी किंवा गावाला जाताना एक पिन काढून घरी आणायचा. त्या दिवशी तो टीव्हीखाली बसतो. पाहुणे त्याला मिक्सर समजतात.

बसवायचं काम कुर्ल्याला, सीएसटी रोडवर. तिथे गाडीचा कुठलाही भाग मिळतो. कधीकधी आपल्याच गाडीचा मिळतो, असं लोक म्हणतात. आमच्या उस्तादांनी गाडीभोवती एक चक्कर मारून निदान केलं, “छोटी गाडी में बेस नहीं बनता.” हे साफ उलट आहे. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ सात मीटर, आणि आमची गाडी सव्वातीन मीटरच्या किंचित वर. ती लाट आत मावतच नाही. काचा बंद असल्या की सबवूफर पंपासारखा आतली हवा दाबतो, सोडतो, आणि खालचे स्वर उलट वाढतात. मी हे सगळं हातवारे करून समजावलं. उस्ताद पूर्ण ऐकून घेऊन म्हणाले, “चाय लेंगे?”

नवे स्पीकर बसवायला दारांचे पॅनेल उघडले तेव्हा आतून रुपयाची दोन नाणी, दादरच्या पार्किंगची पावती आणि एक कंगवा निघाला. कंगवा अप्पांचा. हरवला तेव्हा त्यांना केस होते. पत्र्यावर आतून फॉइलवाली ब्युटाइल रबराची शीट चिकटवली. आधी दारावर टिचकी मारली की ‘ठण्ण’ व्हायचं, नंतर ‘ठप्प’. निव्वळ त्या ‘ठप्प’साठीसुद्धा पैसे वसूल झाले असं माझं मत आहे. सोसायटीत भेटेल त्याला मी दार वाजवून दाखवतो. मग स्पीकरचा मॅग्नेट काचेला लागेना म्हणून खाली रिंग घातली, कारण ८०० मध्ये काच खाली उतरते ती हँडल फिरवून आणि सूड उगवायला.

खरी लढाई फ्यूजवर झाली. बॅटरीपासून सबवूफरच्या अँप्लिफायरपर्यंत जाड वायर जाते, तिच्यावरचा फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा. वायर मध्ये कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर फ्यूज आधी उडावा आणि गाडी वाचावी, म्हणून. उस्तादांना तो अँप्लिफायरशेजारी लावायचा होता. “इधर दिखता है तो अच्छा लगता है.” फ्यूजचं सौंदर्यशास्त्र मी प्रथमच ऐकत होतो. शेवटी बॅटरीजवळ लागला, पण उस्तादांनी वर लाल टेप इतकी गुंडाळली की आता फ्यूज उडाला तरी बाहेर पडणार नाही. वायर आत न्यायला, सुदैवाने, इंजिनच्या मागच्या पत्र्याला कंपनीचंच रबर लावलेलं भोक सापडलं. कलम पहिले अबाधित.

स्पीकरचे प्लस-मायनस तपासायला मी दीड व्होल्टचा घड्याळाचा सेल नेला होता. तो क्षणभर टेकवला की कोन बाहेर उसळला पाहिजे. एक दार बाहेर उसळलं, दुसरं आत गेलं. अशा जोडणीत गायकाचा आवाज मधून हरवतो आणि खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. उस्तादांनी तारा निमूट बदलल्या, आणि बहुधा सूड म्हणूनच चाचणीला मोबाइलवरून असं काही लावलं की आरसा, नंबरप्लेट आणि समोरचा टपरीवाला तिघेही थरथरू लागले. “अब बोलो, बेस है?” मी भीमसेनजींची तोडी लावली. उस्तादांनी थोडा वेळ वाट बघितली आणि विचारलं, “कब चालू होगा?”

घरी येताना मात्र तोडीच्या मागे आणखी कोणीतरी गाऊ लागलं. बारीक, नाकातून. ॲक्सिलरेटर दाबला की वर जाई, सोडला की खाली. हा अल्टरनेटर. अर्थिंग दोन वेगळ्या जागी घेतलं की त्याचा आवाज स्पीकरात शिरतो. स्टिरिओ आणि अँप्लिफायर दोघांचं अर्थिंग पत्र्यावरचा रंग खरवडून एकाच बोल्टला घेतलं, सिग्नलच्या केबल बॅटरीच्या वायरपासून उचलून दुसऱ्या बाजूने नेल्या, तेव्हा गृहस्थ गप्प झाले. खरवडलेल्या रंगाबद्दल घरात अद्याप चर्चा झालेली नाही. खरवडणं म्हणजे भोक नव्हे.

मग अप्पांना फेरफटक्याला नेलं. ईस्टर्न फ्रीवेच घेतला, कारण मुंबईत ऐकण्याजोगा रस्ता तेवढाच. खड्डे कमी, सिग्नल नाही, हॉर्नचं कारण नाही. अप्पांनी बसल्याबसल्या दार उघडून पुन्हा लावलं. ‘ठप्प.’ भुवया उंचावल्या, पण बोलले नाहीत. मी काळी एकचा नुसता तंबोरा लावला, आणि खर्ज आला. पाठीतून आला. अप्पांनी डोळे मिटले.

इथे एक अडचण सांगितली पाहिजे. ८०० चं इंजिन तीन सिलिंडरचं. ते मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेत असलं की सेकंदाला सत्तर स्फोट होतात, म्हणजे अगदी काळी एकच्या खर्जाशेजारी. फ्रीवेवर साठीच्या आसपास गाडी स्थिरावली आणि इंजिन तंबोऱ्याच्या बाजूला येऊन बसलं. पुरतं जुळलं नाही. दोघांमध्ये संथ हेलकावे उठू लागले, व्वांव्, व्वांव्. मला वाटलं, कुर्ल्याला परत जावं लागणार.

अप्पांनी डोळे न उघडता हात वर केला.

“जावईबापू, दुसरा तंबोरा उतरलाय. जरा ॲक्सिलरेटर द्या.”