‘सावरला एकदाचा’, पण कोणासाठी?

सप्टेंबर 2025 मध्ये ॲव्हेन्यू सुपरमार्ट्सचा, म्हणजे आपल्या डीमार्टचा, शेअर पावणेपाच हजारांच्या आसपास गेला तेव्हा आमच्या लोकमान्य नगरातल्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींत जवळजवळ सणासारखे वातावरण होते. फेरी संपवून पोह्यांवर शेव भुरभुरताना ‘सावरला एकदाचा’ हे वाक्य मी त्या आठवड्यात किमान दहा वेळा ऐकले, आणि दोन वेळा स्वतःही उच्चारले. नंतर घरी येऊन हिशेबाची वही उघडली, तेव्हा या वाक्याचा अर्थ बोलणाऱ्या प्रत्येकासाठी वेगळा आहे आणि माझ्यासाठी तर तो चक्क चुकीचा आहे, असे लक्षात आले. त्याविषयीच हे थोडे लांबलेले लिखाण आहे.

आधी एक खुलासा करतो. माझ्याकडे या कंपनीचे शेअर आहेत आणि मी गुंतवणूक सल्लागार नाही. इंदुरात राहणाऱ्या माणसाने हे सांगून टाकलेले बरे, कारण फोनवरून ‘पक्की टिप’ विकणाऱ्या इतक्या कंपन्या आमच्या शहरात निघाल्या की शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला त्यांच्यापैकी अनेकांवर आदेश काढावे लागले. मलाही अशा एका कार्यालयातून वर्षभर फोन येत होते. पलीकडची मुलगी इतक्या अदबीने ‘सर’ म्हणायची की नकार देताना मलाच अपराधी वाटे. माझ्या सुदैवाने तिने डीमार्ट कधी सुचवला नाही. तो खड्डा मी स्वतःच खणला.

ऑक्टोबर 2021 मध्ये, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी 5,320 रुपयांच्या भावाने 40 शेअर घेतले. आमच्या गटातल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी त्यानंतरच्या सोमवारी 5,640 ला 25 घेतले. त्याच सोमवारी शेअरने 5,900 च्या जवळ उच्चांक गाठला आणि त्याच दिवशी तो घसरायला लागला. म्हणजे काकांना अर्धा दिवस आनंद मिळाला. तिसरी गोष्ट आमच्या शेजारच्या वहिनींची. मार्च 2017 मध्ये कंपनीचा प्राथमिक समभाग विक्रीचा प्रस्ताव आला, तेव्हा 299 रुपयांच्या भावाने 50 शेअरचा एक लॉट मिळत होता आणि मागणी शंभर पटींहून अधिक होती. घरातल्या चौघांच्या नावाने अर्ज केले गेले आणि सोडतीत फक्त वहिनींचा लागला. पंधरा हजारांत 50 रुपये कमी, एवढी ती गुंतवणूक होती. पहिल्याच दिवशी शेअर दुपटीहून वर उघडला. घरातले सगळे ‘विक, विक’ म्हणत असताना डिमॅट खात्याचा पासवर्ड सापडेना, म्हणून ते शेअर तसेच राहिले. वहिनी स्वतः याला धोरण म्हणत नाहीत, इतक्या त्या प्रामाणिक आहेत.

आता पाहा. शेअर 5,900 वरून 3,400 वर आला आणि तिथून 4,750 ला गेला. वहिनींसाठी यात सावरण्यासारखे काही नव्हतेच, कारण 299 च्या माणसाला 3,400 हा भाव दुखत नाही. काकांच्या मते तो अजून सावरायचा आहे, कारण त्यांचे 5,640 अजून दूर आहेत. शेअर मात्र तोच, कंपनी तीच आणि दिवसही तोच. आपली खरेदीची किंमत आपल्याखेरीज कोणालाही ठाऊक नसते, कंपनीला तर नाहीच, तरीही आपण सगळा विचार त्या एका आकड्याभोवती गुंडाळून बसतो. मी चार वर्षे तेच केले. ‘5,320 येऊ दे, मग विकून मोकळा होतो’ हे वाक्य मी इतक्यांदा म्हटले होते की ते मला शहाणपणाचे वाटू लागले होते.

त्या आकड्याचा खोटेपणा तर साध्या मुदत ठेवीनेही उघडा पडतो. 2021 मध्ये तीच रक्कम साडेपाच टक्क्यांनी बँकेत ठेवली असती, तर चार वर्षांत प्रत्येक 5,320 चे जवळपास 6,590 झाले असते. बाजाराचा निर्देशांक निफ्टी त्या ऑक्टोबरात साडेअठरा हजारांच्या आसपास होता, तो सप्टेंबर 2025 मध्ये पंचवीस हजारांच्या घरात होता. या कंपनीने सूचिबद्ध झाल्यापासून लाभांश दिलेला नाही, नफा ती दुकानांतच घालते, त्यामुळे वाट पाहत बसणाऱ्याच्या हाती मधल्या काळात काहीच पडत नाही. म्हणजे शेअर उद्या 5,320 ला पोचला तरी माझे ‘मुद्दल सुटले’ असे म्हणणे ही स्वतःची समजूत घालणे झाले. शिवाय 42 टक्के पडलेला शेअर जुन्या जागी येण्यासाठी 72 टक्क्यांहून अधिक चढावा लागतो. ही आकडेमोड शाळेतली आहे, पण नुकसानीत असलेल्या माणसाला ती पटायला वर्षे लागतात.

मग कंपनीचे काय झाले? इथे खरी गंमत आहे, कारण कंपनी कधी पडलीच नव्हती. 2020-21 मध्ये तिची एकत्रित विक्री सुमारे 24,100 कोटी आणि नफा सुमारे 1,100 कोटी होता. 2024-25 मध्ये विक्री 59,300 कोटींच्या पुढे आणि नफा 2,700 कोटींच्या आसपास गेला. मार्च 2017 अखेर 131 दुकाने होती, मार्च 2025 अखेर 415 झाली. शेअर बाजारात रडारड चालू असताना दुकाने निमूटपणे उघडत होती, गर्दी होत होती आणि तांदळाची पोती रिकामी होत होती. पडली होती ती लोकांची त्या नफ्यासाठी पैसे मोजण्याची तयारी. मी 5,320 ला शेअर घेतला तेव्हा मागच्या वर्षाची प्रतिशेअर मिळकत, म्हणजे एका शेअरच्या वाट्याला येणारा नफा, जेमतेम 17 रुपये होती, म्हणजे मी तीनशे पटींहून अधिक किंमत मोजली होती. आमच्या सियागंज बाजारातला कुठलाही व्यापारी मला हे करू देता ना. चालू दुकान विकत घेताना तो आधी गल्ला पाहतो आणि मग ‘किती वर्षांत पैसे वसूल?’ एवढेच विचारतो. ‘तीनशे वर्षांत’ या उत्तरावर त्याने मला चहा पाजून परत पाठवले असते.

हे पट उतरत उतरत, शेअर 3,400 ला होता तेव्हा, ऐंशीच्या थोडे वर आले होते, आणि 4,750 ला पुन्हा 114 च्या आसपास गेले. आमच्या गटातले बरेच जण यालाच ‘सावरणे’ म्हणत होते. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते थोडे सविस्तर सांगतो.

2022-23 मध्ये कंपनीचा एकत्रित नफा सुमारे 2,378 कोटी होता, पुढच्या वर्षी 2,536 आणि त्याच्या पुढच्या वर्षी 2,707. म्हणजे दर वर्षी साडेसहा-सात टक्क्यांची वाढ. त्याच काळात विक्री मात्र दर वर्षी सतरा-अठरा टक्क्यांनी वाढत होती. 100 रुपयांच्या विक्रीमागे आधी साडेपाच रुपये उरत होते, ते साडेचारवर आले. दुकाने वाढली, गर्दी वाढली आणि हाती उरणारे पैसे त्या मानाने कमी झाले. साबण, तेल, बिस्किटे अशा मालात भावाची स्पर्धा वाढली, दुकानात काम करणाऱ्या नव्या मुलामुलींचे पगार वाढले, आणि ज्या मालावर जास्त नफा असतो तो भांड्यांचा, कपड्यांचा, घरगुती वस्तूंचा विभाग कोविडपूर्वी विक्रीच्या 27 टक्क्यांच्या घरात होता, तो नंतर 22-23 टक्क्यांवर थांबला. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डाळ-साखरेसाठी माणूस आत येतो आणि बाहेर पडताना ट्रॉलीत एक बादली, दोन टॉवेल आणि मुलाचा टी-शर्ट असतो. कंपनीचा खरा नफा त्या बादलीत असतो. आमच्याच घराचे उदाहरण देतो. सौ. पूर्वी डीमार्टमधून स्टीलचे डबे आणि चादरी आणत असे. आता चादरी मोबाइलवर मागवते आणि डीमार्टमधून फक्त वाणसामान आणते. (शेव-नमकीन इंदुरात कोणी तिथून आणत असेल असे मला वाटत नाही. त्या बाबतीत प्रत्येक घराचा आपापला दुकानदार ठरलेला आहे.) एका घरावरून निष्कर्ष काढू नये हे मान्य, पण कंपनीचे आकडे आमच्या घराशी जुळतात तेव्हा मी जरा लक्ष देतो.

दहा मिनिटांत सामान घरी पोचवणाऱ्या ब्लिंकिटसारख्या सेवांविषयी गटात खूप वाद झाले. ऑक्टोबर 2024 मध्ये कंपनीचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी नेव्हिल नोरोन्हा यांनीच सांगितले की महानगरांतल्या, फार मोठी उलाढाल असलेल्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम दिसतो आहे. दोन वर्षांहून जुन्या दुकानांची विक्री त्या तिमाहीत फक्त साडेपाच टक्क्यांनी वाढली होती. पुढच्या सोमवारी शेअर एका दिवसात आठ टक्क्यांहून अधिक घसरला. काकांचे म्हणणे असे की इंदूर म्हणजे मुंबई नव्हे, इथे महिन्याचे सामान भरणारा माणूस दहा मिनिटांवाल्यांकडे जाणार नाही. त्यात तथ्य आहे. पाच किलो तेलाचा डबा आणि दहा किलो आटा कोणी दहा मिनिटांत मागवत नाही. पण महिन्याच्या मध्यावर संपलेले शाम्पू आणि कॉफी मागवणारा माणूस त्या निमित्ताने दुकानात होणारी त्याची दुसरी फेरी टाळतो, आणि बादली त्या दुसऱ्या फेरीतच घेतली जाते. माझ्या मते धोका ग्राहक गमावण्याचा नाही, त्याच्या फेऱ्या कमी होण्याचा आहे.

जानेवारी 2025 चा प्रसंग मी गटात वारंवार सांगतो. तिमाही संपल्यावर दोन-तीन दिवसांत ही कंपनी विक्रीचा आकडा जाहीर करते. त्या वेळी सतरा टक्क्यांहून अधिक वाढ दिसली आणि शेअर एका दिवसात दहा टक्क्यांहून वर उसळला. गटात पेढ्यांची भाषा सुरू झाली. जेमतेम आठवडाभराने पूर्ण निकाल आले, तेव्हा नफ्याची वाढ पाच टक्क्यांच्याही आत निघाली. त्याच वेळी नोरोन्हा पद सोडणार आणि युनिलिव्हरमधून अंशुल असावा येणार ही घोषणा झाली, आणि शेअर पुन्हा खाली आला. विक्रीच्या आकड्यावर चढलेला भाव नफ्याच्या आकड्यावर उतरला, आणि मार्चच्या सुमारास तो 3,400 च्याही खाली जाऊन आला. सप्टेंबरमध्ये मंडळी पुन्हा आनंदली तेव्हा मी एवढेच विचारले, की 100 रुपयांमागे उरणारे साडेचार रुपये पाचवर आले आहेत का? उत्तरादाखल मला आणखी एक जिलबी वाढण्यात आली.

मी शेवटी 40 पैकी 20 शेअर सप्टेंबरमध्ये तोट्यात विकले. दुसऱ्या एका शेअरमध्ये मला दीर्घ मुदतीचा नफा झाला होता, आणि दीर्घ मुदतीचा तोटा दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा करता येतो. 1.25 लाखांच्या वरच्या नफ्यावर आता 12.5 टक्के कर आहे, तो त्यामुळे थोडा वाचला. काकांना हे अजिबात आवडले नाही. ‘तोटा कागदावर होता, तू तो खरा केलास,’ असे ते म्हणाले. मला वाटते तोटा 2021 च्या दसऱ्यालाच खरा झाला होता, मी फक्त त्याची नोंद चार वर्षे उशिरा केली. उरलेले 20 मी ठेवले आहेत, कारण दुकानदार म्हणून ही माणसे उत्तम आहेत यावर माझा विश्वास आहे. जागा भाड्याने घेण्यापेक्षा शक्यतो विकत घेणे, पुरवठादाराचे पैसे लवकर देऊन माल स्वस्तात मिळवणे आणि वाचलेला पैसा ग्राहकाला भावात देणे, या शिस्तीला राधाकिशन दमानी यांनी 2002 मध्ये पवईत पहिले दुकान काढल्यापासून मोठे तडे गेलेले नाहीत. मात्र माझ्या वहीत आता 5,320 हा आकडा नाही. तिथे तीन रकाने आहेत: 100 रुपयांमागे उरणारा नफा, जुन्या दुकानांच्या विक्रीतली वाढ आणि बादली-टॉवेलांचा वाटा. निकाल आले की ते भरतो. भाव मी पाहतोच, पण त्यासाठी रकाना ठेवलेला नाही.

काकांनी त्यांच्या ब्रोकरच्या ॲपमध्ये 5,640 ला विक्रीची जीटीटी ऑर्डर, म्हणजे ठरवलेला भाव आला की आपोआप सुटणारी ऑर्डर, लावून ठेवली होती. तिची मुदत वर्षाची असते आणि ती संपली होती. 2025 च्या दिवाळीत मुहूर्ताचा सौदा दुपारी झाला. काकांनी जेवण आटोपून, चष्मा पुसून ती पुन्हा लावली. भाव विचारला तर म्हणाले, ‘तोच.’