दोनच हलणारे भाग

वांकेल इंजिनाबद्दलचं एकच वाक्य मला नडलं. ‘यात हलणारे भाग दोनच.’ एक तिकोनी रोटर, एक शाफ्ट. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही. दोन भाग म्हणजे पोळपाट-लाटणं, असा हिशेब करून मी बायकोला सांगून टाकलं, “दिवाळीपर्यंत होतंय.” कुठली दिवाळी, हे सुदैवाने बोललो नव्हतो.

इंजिन दीड सीसीचं. कारखाना म्हणजे मागची बाल्कनी: छोटा लेथ, त्याहून छोटं मिलिंग मशीन आणि तुळशीची कुंडी. कुंडी हलवायची नाही, हा करार.

हा रोटर गोल भोकात फिरत नाही. भोक लागतं दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखं, कंबर जेमतेम दबलेली. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, नसलेल्या माणसाने ते कसं कापायचं? टेबल एक अंश फिरवायचं, कागदावरचा आकडा बघून हँडल सरकवायचं, कापायचं. असं ३६० वेळा. २१२व्या अंशाला बेल वाजली. आकडा विसरू नये म्हणून पुटपुटतच दार उघडलं. कुरियरवाला म्हणाला, “ओटीपी?” मी म्हणालो, “अकरा सदतीस.” तो म्हणाला, “चुकीचा येतोय, काका.” खरा ओटीपी शोधून दिला, पार्सल घेतलं, आणि मशीनपाशी येऊन पूर्ण विश्वासाने हँडल ओटीपीवर नेऊन ठेवलं. पितळेचा तो ठोकळा आता दाराला अडण म्हणून लावतो. छान जड आहे.

गिअर मात्र भोसरीहून वायरकट करून, म्हणजे विजेच्या तारेने कापून, आणले. रोटरच्या आत २४ दात्यांचा, झाकणावर १६ दात्यांचा. शाफ्टचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक होतो. वायरकटवाल्याने दोन्ही गिअर तळहातावर घेऊन विचारलं, “घड्याळ दुरुस्त करता का?” इंजिन म्हटल्यावर त्याने पैसे आधी मागितले.

खरी गोम निघाली सीलमध्ये. रोटरच्या तिन्ही टोकांना एकेक पट्टी लागते, मिलीमीटरभर जाडीची, आणि तिला भिंतीवर दाबून धरायला मागे स्प्रिंग. हिला ‘हलणारा भाग’ म्हणत नाहीत. हलते हो! पिंजऱ्यातून सुटलेल्या पोपटासारखी हलते. दोन स्प्रिंगा अजून बाल्कनीतच कुठेतरी आहेत. नव्या केल्या फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्यांच्या जुडग्यातलं, सर्वांत पातळ पान कापून.

पट्टीला हवं बीड. दुकानदार हातभर सळई घ्या म्हणतो, मला लागणार तीन सेंटिमीटर. घरात आंबोळ्यांचा बिडाचा तवा होता, कडेला तडकलेला. “हा लागतो का गं?” असं विचारलं तेव्हा बायको फोनवर होती. “हं,” म्हणाली. आता ती म्हणते की ते मावशींना होतं.

इंधनात मिथेनॉल आणि एरंडेल. पहिल्याच दिवशी वास आतल्या खोलीत गेला आणि आईचा आवाज आला, “कुणाचं पोट बिघडलंय रे?”

सलग दोन रविवार ड्रिल लावून इंजिन नुसतंच फिरवलं. फुस्स, फुस्स. तिसऱ्या रविवारी ग्लो प्लग, म्हणजे इंधन पेटवणारी तापती तार, लाल झाला, ड्रिल लावलं आणि एकदम त्या काडेपेटीएवढ्या ठोकळ्याने किंचाळायला सुरुवात केली. ड्रिल काढलं तरी किंचाळतंय! नऊ सेकंद. आई म्हणते पाच, पण तिने कान झाकले होते.

मग थांबलं ते थांबलंच. झाकण उघडलं तर आतल्या भिंतीवर बारीक, समांतर, आडव्या रेघा. मी हरखलोच. १९६३मध्ये हिरोशिमात माझदाच्या ४७ इंजिनिअरांनी ज्यांच्यापायी रात्री जागवल्या, त्याच या! सीलच्या थरथरण्याने पडतात. त्यांनी नाव ठेवलं होतं ‘सैतानाची नखं’. कार्बन आणि अॅल्युमिनियमचं सील सापडलं तेव्हा कुठे १९६७मध्ये त्यांची वांकेल इंजिनाची कॉस्मो गाडी रस्त्यावर आली. त्यांना जे छळलं तेच मला छळतंय, आणि तेही तुळशीच्या कुंडीशेजारी.

बायकोला हाका मारून बोलावलं. तिने चष्मा लावला, बॅटरी मारून आत नीट पाहिलं.

“किसणीसारखं दिसतंय,” म्हणाली.

क्षणभर थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि तडक स्वयंपाकघरात गेली. एकामागून एक ड्रॉवर उघडल्याचे आवाज येत राहिले.