क्षितिज सरळ दिसतं, मग पृथ्वी सपाट?

घरच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. ‘किनाऱ्यावर उभे राहा, क्षितिज पट्टीने आखल्यासारखे सरळ दिसेल. बुडालेले जहाज झूम करा, परत वर येईल. पृथ्वी गोल म्हणणाऱ्यांच्याच सूत्राने जे दिसायला नको, तेही दिसते. म्हणजे पृथ्वी सपाट!’ पाठवणारे काका गणिताचे निवृत्त शिक्षक, म्हणून हा खटाटोप.

क्षितिज सरळ दिसतं, हे कबूल. पण एवढ्या मोठ्या गोळ्यावरही ते सरळच दिसणार. वाळूत उभं राहिलं की क्षितिज जेमतेम पावणेपाच किलोमीटरवर असतं. 60 अंशांचा पट्टा टिपणारा, 4000 पिक्सेल रुंदीचा फोटो घ्या. त्यात क्षितिजाचा मध्य आणि कडा यांत अर्ध्या पिक्सेलचाही फरक पडत नाही. 11 किलोमीटर उंचीवरच्या विमानातून तो तिसेक पिक्सेल होतो, आणि तेवढा बाक साधी लेन्सही आणू शकते. तेव्हा विमानाच्या खिडकीतले फोटो टाकून ‘ही बघा गोलाई’ म्हणणाऱ्या आपल्या मंडळींनीही जरा दमानं घ्यावं.

गोलाई शोधायची ती आडवी नव्हे, खाली. उंच चढावं तसं क्षितिज डोळ्यांच्या पातळीखाली उतरतं. अकराव्या शतकात अल-बिरूनी या विद्वानानं नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून (आता पाकिस्तानातल्या पंजाबात) हा उतार मोजला. तो अर्ध्या अंशाहून किंचित जास्त भरला, आणि त्यावरून त्यानं पृथ्वीची त्रिज्या काढली. जमीन सपाट असती तर कोन जवळपास शून्य आला असता.

आता झूमचं. छोटी होडी क्षितिजाच्या अलीकडे असतानाच डोळ्यांना दिसेनाशी होते, कारण ती बारीक झालेली असते. ती झूमनं परत येणारच. ती बुडाली कुठं होती? खरी परीक्षा मोठ्या जहाजाची. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरून जयगडकडे जाणारं मालवाहू जहाज मी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलंय. वरचं पांढरं केबिन स्वच्छ, खिडक्यांची रांगही कळत होती, पण खालचा पोटाचा भाग पाण्यानं कापून नेल्यासारखा. दुर्बिणीनं केबिन मोठं झालं. पोट काही वर आलं नाही.

‘आठ इंच गुणिले मैलांचा वर्ग’ या सूत्रात काकांची गफलत मात्र खास मास्तरी आहे: आकडेमोड बरोबर, गणित दुसऱ्याच प्रश्नाचं. लांबची वस्तू गोलाईमागे किती लपेल ते या सूत्रानं काढतात, पण ते डोळा पाण्याच्या पातळीला टेकलाय असं धरून चालतं. 12 मैलांवर ते 96 फूट देतं. उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची आणि हवेत प्रकाशाचा किरण वाकतो तो हिशेब धरला, तर लपतात साधारण 45 फूट. मधल्या 50 फुटांवर सपाट पृथ्वीवाल्यांचे अख्खे व्हिडिओ निघालेत.

काका, पुढच्या वेळी कोकणात याल तेव्हा आकाश निरभ्र असेल तर वाळूवर पालथे पडून सूर्यास्त बघा. शेवटची कड बुडाली रे बुडाली की ताडकन उभे राहा. सूर्याची कड पुन्हा दिसेल आणि काही सेकंदांत दुसऱ्यांदा बुडेल. गुडघे दुखत असतील तर नातवाला पाठवा, तुम्ही खुर्चीत बसून वेळ मोजा.