तात्यांची कवळी आणि आमचा बॅकलॉग

माझं तिकीट मंगळवारी दुपारी पावणेचारला वारलं. एसटीचं नव्हे, कामाचं; म्हणजे कामांच्या यादीतली एक नोंद. जन्म २०१९ च्या दिवाळीतला. मृत्यूचं कारण: तात्यांची कवळी.

आमच्या घरात रेंज येते ती पडवीच्या तिसऱ्या खांबाला टेकून बसलं तरच. एक खांब अलीकडे सरकलात तर आवाज तुटतो, एक खांब पलीकडे गेलात तर पागोळ्या थेट कीबोर्डवर. देवगड तालुक्यातला तो एक खांब म्हणजे माझं ऑफिस. रस्त्यावरून जाणाऱ्याला मात्र ते ऑफिस वाटत नाही. त्याला वाटतं, हा बसलाय रिकामा, चहा मिळेल.

आमची कंपनी युरोपातल्या दंतवैद्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर करते. मंगळवारी बॅकलॉग रिफाइनमेंट होती. म्हणजे राहिलेल्या कामांची यादी घेऊन दर पंधरवड्याला दोन तास बसायचं, कुठलं आधी नि कुठलं नंतर ते ठरवायचं, आणि उठताना यादी आधीपेक्षा लांब झालेली असते. आमची ४३७ वर पोचली होती.

बॅकलॉग हा शब्द मुळात चुलीतला. रात्रभर आग धुमसत राहावी म्हणून शेकोटीत मागच्या बाजूला जो मोठा ओंडका सारून ठेवत, तो बॅकलॉग. आमची आई न्हाणीच्या चुलीत हेच करते. फरक एवढाच की तिचा ओंडका सकाळपर्यंत जळून जातो.

तर ४३७ कामं. त्यांची वाटणी मॉस्को पद्धतीने चालली होती. रशियाशी संबंध नाही. मस्ट, शुड, कुड आणि वोन्ट यांची आद्याक्षरं जुळवून डाय क्लेग नावाच्या गृहस्थांनी १९९४ साली ही पद्धत काढली. मस्ट म्हणजे केल्यावाचून गत्यंतर नाही ते. अशी कामं एकूण मेहनतीच्या साठ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नयेत, असा त्या पंथाचा दंडक आहे. आमच्याकडे तासाभरात २९१ मस्ट झाली होती. उरलेल्यांच्या मालकांना त्या दिवशी रजा होती. म्हणूनच की काय, स्क्रम नावाच्या आमच्या कामाच्या पद्धतीची जी नियमपुस्तिका आहे, त्या स्क्रम गाइडवाल्यांनी २०११ साली 'प्राधान्य' हा शब्दच काढून टाकला आणि नुसता 'क्रम' ठेवला. क्रम लावायचा म्हटलं की पहिला एकच येतो. मस्टच्या पोत्यात काय, अख्खा गाव बसतो.

"चारशे सदतीस?" मागून आवाज आला. "आणि ह्यां सगळां मागितलां कोणी?"

तात्या. आमच्या भावकीतले, वय ७६. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा, त्यामुळे आवाज असा की पाऊस कौलांवर कोसळत असतानाही समुद्रापर्यंत जावा. सातबाऱ्याचा उतारा काढून हवा म्हणून आले होते. त्या सातबाऱ्यावर ३८ नावं आहेत, त्यातली एकवीस माणसं हयात नाहीत. अर्धा तास ते झोपाळ्यावर बसून आमचं बोलणं ऐकत होते. आणि मी म्यूटवर नव्हतो.

"कोण बोललं?" प्रॉडक्ट ओनरने, म्हणजे यादीत काय आधी ते ठरवणारीने विचारलं. पुण्याची, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, हुशार, आणि लोकांचं ऐकून घ्यायची तिला भयंकर हौस.

"शेजारचे काका. सॉरी, म्यूट करतो."

"नको नको, थांब. किती बरोबर प्रश्न आहे त्यांचा!"

हाच प्रश्न मी मार्चमध्ये विचारला होता. तेव्हा स्क्रम मास्तर, म्हणजे ही पद्धत टीमकडून पाळून घेणारे, म्हणाले होते, 'हे आपण ऑफलाइन घेऊ.' ऑफलाइन म्हणजे काय, ते तिसऱ्या खांबाला टेकून बसणाऱ्याला कुणी समजावायला नको.

तोवर तात्यांनी खुर्ची ओढली होती. "कसलां काम तुझां?"

"दातांच्या डॉक्टरांचां, तात्यांनू."

"मगे माका इचाराक नको?" तात्यांनी तोंडात अंगठा घातला, खट् असा आवाज झाला, आणि वरची कवळी कॅमेऱ्यासमोर आली. चौदा दात, गुलाबी टाळू, आणि डाव्या दाढेला सुपारीचा एक कण. माझ्या लॅपटॉपचा कॅमेरा एरवी माझा चेहरा सुद्धा नीट दाखवत नाही. त्याने दोनदा डोळे मिचकावल्यासारखं केलं आणि तो कण लख्ख टिपला. स्क्रीनवर नऊ चौकोन होते. नऊही चौकोन गप्प.

"ओ माय गॉड," प्रॉडक्ट ओनर म्हणाली, "खरा यूझर!"

तिचंही चुकलं नाही म्हणा. आमच्या टीमने खरा यूझर कधी पाहिलेलाच नव्हता. आमचे यूझर स्लाइडवर राहतात, त्यांची वयं आणि छंद आम्हीच ठरवतो. इथे एक दात हातात घेऊन बसला होता. त्याने जन्मात अपॉइंटमेंट घेतलेली नाही, पहाटेच्या एसटीने कणकवली गाठायची आणि दवाखान्याच्या पायरीवर नंबराला चप्पल ठेवायची ही त्याची पद्धत आहे, हे मी सांगायला तोंड उघडलं. पण तिने तोवर त्यांना विचारलं होतं, "काका, पेशंट म्हणून तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं?"

तात्यांनी कवळी बसवली, कारण प्रश्न गंभीर होता. "डॉक्टर गावाक गेलो, तर पाटी लावूक व्हयी. आणि भायर पंखो व्हयो."

पाटीसारखं एक तिकीट यादीच्या तळाला होतं. ते तिथल्या तिथे मस्ट झालं. पंख्यासाठी नवं उघडलं, 'वेटिंग एक्सपिरिअन्स' नावाचं. एकूण ४३८. मग तर चटकच लागली. पावतीवर लोगो डावीकडे की मध्ये? "मधी." मस्ट. आठवणीचा मेसेज आदल्या दिवशी की दोन दिवस आधी? "दोन दीस आदी, एसटीचा काय खरां नाय." मस्ट. ज्या गावात बस मिनिटावर येते तिथल्या लोकांना आता दोन दिवस आधी मेसेज जाणार, कारण आमच्या फाट्यावर एसटी थांबेलच असं नाही.

आणि मग ती म्हणाली, "दोन वर्षांहून जुनी तिकिटं सरसकट बंद करून टाकूया का?"

इथे माझ्या तिकिटाबद्दल सांगायलाच हवं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास मागे घेतात. आमचं सॉफ्टवेअर घेत नाही. सोमवारची दहाची अपॉइंटमेंट नवाची दिसायला लागते आणि माणसं सुजलेला गाल धरून तासभर आधी बंद दारापुढे उभी राहतात. घड्याळं बदलतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. २०१९ साली तो रविवार नेमका नरकचतुर्दशीचा निघाला. अंगाला तेल लागलं होतं, तुळशीपाशी कारीट फोडायचं होतं, आई हाका मारत होती, आणि मी तेलकट बोटांनी एकेका दवाखान्याच्या वेळा हाताने सरकवत होतो. त्या लॅपटॉपचं 'एन' हे बटण नंतर कायमचं चिकट राहिलं. त्याच दिवशी मी तिकीट घातलं. त्यानंतर दर वर्षी घालतो ते फक्त तेल. तिकिटाचा नंबर कधी लागला नाही.

का लागला नाही ते मला चांगलं ठाऊक आहे. आमच्याकडे सूत्र आहे: उशिराची किंमत भागिले कामाचा आकार. माझ्या तिकिटाची उशिराची किंमत शून्य येते, कारण ती मी भरतो. मी दर वर्षी पहाटे उठून निस्तरतो, म्हणून एकाही दंतवैद्याची तक्रार येत नाही. तक्रार नाही म्हणजे काम नाही. पावसाआधी छपरावर चढून कौलं परतणाऱ्याचं असंच असतं. घर गळत नाही, मग कौलं परतायची गरजच काय, असं विचारणारा एक तरी घरात निघतो, आणि तो कधी शिडी धरायलाही येत नाही. हे मी विनोदाने म्हणत नाहीये. एक वर्ष मुद्दाम झोपून राहावं, शंभरेक गाल सुजू द्यावेत, मग बघा कसं मस्ट होतं ते.

तर सरसकट बंद करायचं का, यावर सगळे जरा घुटमळले. जुन्या तिकिटाचा बाप कॉलवर असू शकतो. मी होतोच. मी अनम्यूट शोधत होतो, मग लक्षात आलं की मी म्यूट झालोच नव्हतो, आणि त्या तीन सेकंदांत तात्या बोलले.

"जुनां काय ता देवाच्या पायावर घालून मोकळे होवा." सांगणारा कोण, तर ज्याचा आंब्याच्या कलमांचा दावा वडिलांच्या हयातीपासून चालू आहे तो! "थांबा, गाऱ्हाणां घालतंय."

ते उभे राहिले, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा मी नव्हे. नागपूरचे स्क्रम मास्तर. त्यांना हे कुठून येतं देव जाणे.

"आज ही लेकरां चारशे अडतीस कामां घेऊन तुझ्या दारात बसली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता पाच चौकोन.

"तेंची कामां मार्गाक लाव! आणि जो कोण मधी आडो येयत, तेचो बंदोबस्त कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" नऊच्या नऊ. बंगळूरचा तेलुगू मुलगासुद्धा. आता आडवं कोण जाणार? स्क्रीनच्या तळाशी होकाराचे अंगठे उमटले. देवळात कौल लावला तर निदान पाकळी डावीकडे, म्हणजे नकाराची, पडायची शक्यता असते. इथे नऊ उजवे कौल पडले, आणि दहावा माझाच, कारण एकटाच अंगठा खाली कसा करायचा?

पावणेचारला १७६ मेल आले. त्यातला एक माझ्या तिकिटाचा. 'बंद. महत्त्वाचं असेल तर पुन्हा वर येईलच.'

येईलच. २५ ऑक्टोबर २०२६, रविवार, सकाळी साडेसहा.

पुढच्या रिफाइनमेंटचं निमंत्रण काल आलं. खाली एक ओळ जास्तीची: 'काकांना नक्की घेऊन ये.' काकांना कळवलं. म्हणाले, येतंय, पण चायबरोबर खावक कायतरी ठेव. सातबाऱ्याच्या डिजिटल उताऱ्याची १५ रुपये फी मीच भरली होती, तिचा विषय निघाला नाही. ऑक्टोबरात या वर्षी मी अजिबात उठणार नाही, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. गजर सव्वासहाचा लावलाय.