जास्त जगतात म्हणे बायका

आज सकाळी एका ग्रुपवर परत तोच मेसेज फिरत आला. बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, मग रडगाणं कसलं? खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. दिवसभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

हो, जगतात जास्त. जगभराची सरासरी काढली तर साधारण 5 वर्षं. पण ती वर्षं जातात कशी? दुखणी अंगावर काढत जगण्याची वर्षंही बायकांच्याच वाट्याला जास्त येतात. संधिवात, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार), थायरॉइड, ठिसूळ झालेली हाडं... जगतोय म्हणजे धडधाकट आहोत असं कुणी ठरवलं?

माझ्या ताईचा जबडा दुखत होता, पाठ भरून आली होती, मळमळत होतं, चार पावलं टाकली की धाप. डॉक्टर म्हणाले, अ‍ॅसिडिटी आहे, टेन्शन घेऊ नका. गोळी घेऊन बिचारी घरी आली. रात्री दरदरून घाम फुटला तेव्हा भाऊजींनी दुसरीकडे नेलं. हार्ट अटॅक! छाती धरून कोसळली नाही, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. अहो, छातीत बायकांनाही दुखतं, पण ही बाकीची लक्षणं त्यांच्यात जास्त दिसतात, आणि हे काही कालपरवा लागलेलं ज्ञान नाही. तपासणाऱ्याला सुचू नये?

कसं सुचणार? अभ्यासच पुरुषाचं शरीर समोर ठेवून झालाय. अमेरिकेत 1977 साली मूल होण्याच्या वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं, ते 1993 पर्यंत तसंच. झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी आहे. बायकांच्या शरीरातून ती हळू बाहेर पडते, सकाळी गाडी चालवतानाही अंमल उरतो. तिथे बायकांचा डोस निम्मा करायला 2013 साल उजाडलं. तोवर पुरुषांचाच डोस घ्या!

पुरुषांचंही फार बरं चाललंय असं नाही, मान्य. हृदयविकार त्यांना कमी वयात गाठतो. दारू, अपघात, आत्महत्या यांतही तेच जास्त जातात. ताईच्या उशाशी बसलेल्या भाऊजींचं बीपी नर्सने जबरदस्तीने मोजलं, तर भलतंच वाढलेलं. "मला काय होतंय," म्हणत इतकी वर्षं टाळलं होतं त्यांनी. त्या क्षणी त्यांची फार माया आली. दुखतंय म्हणायची मुभाच नाही या माणसांना.

पण ते डॉक्टरकडे गेले नव्हते. ताई गेली होती. वेळेत गेली होती, नीट सांगितलं होतं, आणि तिला परत पाठवलं. हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

ती आता हिंडतेफिरते, पण हृदयाला झालेली इजा राहिलीच.

तेव्हा घरातल्या बाईला अचानक धाप लागली, जबडा किंवा पाठ दुखायला लागली, कारण नसताना घाम फुटला, तर थेट दवाखाना गाठा. ईसीजी काढा, ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते प्रथिन) रक्ततपासणी करा, असं तोंडावर सांगा. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि त्रास थांबला नाही, तर परत काढायला लावा. भांडखोर म्हणतील. म्हणू देत.