रिटर्न केबल काढू नका: अडकणाऱ्या ॲक्सिलरेटरच्या ‘घरगुती उपाया’ला उत्तर

‘बाइकचा ॲक्सिलरेटर अडकतोय? पाच मिनिटांत घरीच नीट करा’ असा एक मेसेज फिरतोय. भाच्याने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, आज करून टाकू का?’ अजिबात नको. मेसेजमध्ये पाच उपाय आहेत: ग्रिपमध्ये ग्रीस भरा, केबलमध्ये पेट्रोल सोडा, दोन केबल असतील तर एक काढून टाका, उरलेलीचा प्ले (रेस वाढायला लागण्याआधीची मुठीची मोकळी हालचाल) संपवा, आणि चालत्या गाडीत अडकलाच तर चावी बंद करा. यातल्या तिसऱ्या उपायाने माणूस मरू शकतो, म्हणून आधी तोच घेतो.

‘दुसरी केबल उगाच दिलेली असते, काढली की ग्रिप हलकी होते.’ हलकी होते, हे कबूल. एका केबलचं घर्षण गेलं की होणारच. पण ती केबल तिथे का आहे? पहिली केबल थ्रॉटल बॉडीची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाची) पुली ओढून त्यातली झडप उघडते. मूठ सोडली की झडप मिटवायचं काम पुलीवरच्या स्प्रिंगचं. स्प्रिंग थकली किंवा झडपेच्या कडेला काजळी धरली, तर पहिली केबल कामाची नाही. तार ओढू शकते, ढकलू शकत नाही; मूठ उलटी पिळली तरी ती नुसती सैल पडते. मनगटाच्या जोराने झडप मिटवता येते ती फक्त त्या दुसऱ्या, रिटर्न केबलमुळे. ज्या गाड्यांना मुळात एकच केबल असते, त्यांची स्प्रिंग आणि रचना त्या हिशेबाने केलेली असते. दोन केबलच्या गाडीतली एक काढली म्हणून ती तशी होत नाही.

आता नेहमी दिसणारा एक बिघाड बघा. मुठीच्या बाजूला, निपलजवळ (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या गोळ्याजवळ), तारेचा एखादाच धागा तुटतो. रेस देताना तार आवरणातून बाहेर येते, तेव्हा काहीच जाणवत नाही. परत आत जाताना तुटक्या धाग्याचं टोक आवरणाच्या तोंडाशी अडतं, दुमडतं आणि तिथेच गोळा होतं. झडप अर्धी उघडी राहते. अशा वेळी रिटर्न केबल काढलेली असेल तर हातात काय उरलं? अशा तारेला तेल घालून उपयोग नाही, केबल बदलायची. मुठीजवळच्या पेटीचे दोन स्क्रू काढले की हा धागा डोळ्यांनी दिसतो.

अमेरिकेच्या मोटारसायकल कंट्रोल्सच्या फेडरल मानक क्रमांक 123 मध्ये अट स्वच्छ आहे: हात सोडला की ट्विस्ट ग्रिप (पिळायची मूठ) आपोआप आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन चालतं त्या स्थितीवर, मिटली पाहिजे. ॲक्सिलरेटर ठीक आहे की नाही, हे याच कसोटीवर ठरवा. इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण पिळा आणि सोडा. हँडल सरळ, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे, तिन्ही वेळा ती टपकन मागे यायला हवी.

प्ले संपवणं हीसुद्धा घातक सूचना. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये मुठीच्या कडेवर मोजून 2 ते 6 मिमी प्ले दिलेला असतो. आपल्या गाडीचा आकडा बघून तोच ठेवा. प्ले शून्य केला तर हँडल वळवताना केबल ताणली जाते आणि ऐन वळणात रेस वाढते.

ग्रीसमध्ये थोडं तथ्य आहे. काही मॅन्युअल मुठीच्या नळीला पातळ हात द्यायला सांगतात. पण ‘भरा’ म्हणजे धूळ धरून त्याची घासणारी पेस्ट होणार. नळी काढा, हँडलचा पाइप आणि नळीची आतली बाजू पुसून कोरडी करा. ग्रिप चिकटवतानाचा गोंद आत उतरलाय का, गाडी पडून पाइपच्या टोकाला धार आलीय का, तेही बघा. ग्रिप टोकाच्या वजनाला घासत असेल तर मध्ये 1-2 मिमी फट सोडा. पुष्कळदा दोष एवढाच निघतो.

पेट्रोल नकोच. ते वंगण धुऊन नेतं आणि आगीचा धोका वेगळा. केबलसाठी केबलचंच वंगण वापरा: दोन्ही टोकं सोडवून वरून घाला, खालून स्वच्छ येईपर्यंत, खाली फडकं धरून.

आणि चावी? वेगात मूठ सोडून चावीपर्यंत हात न्यायचा? क्लच दाबा आणि त्याच क्षणी उजव्या अंगठ्याने किल स्विच बंद करा. हँडलवरून हात न काढता इंजिन बंद करता यावं म्हणूनच तो तिथे असतो.

केबल नसलेली, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची गाडी असेल तर यातलं काहीच घरी उघडू नका. बाकीच्यांनी सगळं जोडल्यावर लॉक नट (जुळवलेला प्ले हलू न देणारा केबलवरचा नट) आवळा, न्यूट्रलमध्ये आयडलवर इंजिन चालू ठेवा आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. रेस जराही वाढली तर प्ले कमी पडतोय किंवा केबल चुकीच्या बाजूने गेलीय. ते नीट होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही.