पोट्ट्याला गाडीतून उतरवू नका

आमच्या भागात शाळेच्या बसमध्ये कोणी दंगा केला की शिक्षा ठरलेली असते. "उद्यापासून आठ दिवस गाडीत बसायचं नाही." मी खेड्यातल्या हायस्कूलमध्ये शिकवते आणि ही शिक्षा मला अजिबात मान्य नाही.

शहरात बस बंद झाली तर बाप स्कूटरवर सोडून देतो. इथे कापूस वेचणीचे दिवस आहेत, आईबाप सकाळीच वावरात जातात. गाव शाळेपासून दहा-बारा किलोमीटर, एसटीची वेळ जुळत नाही. म्हणजे आठ दिवस बस बंद म्हणजे आठ दिवस शाळा बंद. नववीतलं पोरगं एकदा घरी राहिलं, वेचणीला जाऊन मजुरी कमवायला लागलं, की त्याला परत वर्गात आणणं किती कठीण जातं हे इथल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा.

पोरींचं तर आणखी वेगळं. मागच्या सीटवरून कोणी वेणी ओढतं, घाणेरडं बोलतं, आणि पोरगी घरी सांगत नाही. कारण सांगितलं तर घरचे आधी तिचीच शाळा बंद करतील, हे तिला पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे "तक्रार आली तर बघू" हे धोरण मुळातच चुकीचं आहे. तक्रार येणारच नाही. कोणीतरी मोठ्या माणसानं ते स्वतः बघायला हवं.

ड्रायव्हर ते बघू शकत नाही. एक ड्रायव्हरदादा मला म्हणाले, "मॅडम, मी रोड पाहू का पोट्टे पाहू?" अगदी बरोबर आहे त्यांचं. खड्डे चुकवत, बैलबंड्या आणि कापसाच्या गाड्यांमधून बस काढणाऱ्या माणसाकडून शिस्तीची अपेक्षा केली, की तो आरशात बघून ओरडतो, शिव्या देतो, कधी उतरून कानाखाली मारतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मुलांना मारणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं याला मनाई आहे. बसची पायरी चढल्यावर ती मनाई संपते असं मी तरी मानत नाही.

महाराष्ट्राच्या 2011 च्या स्कूल बस नियमांत बसमध्ये सहायक असावा, मुली असतील तर महिला सहायक असावी, असं स्पष्ट लिहिलं आहे. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समितीही हवी. कागदावर हे सगळं असतं. प्रत्यक्षात बऱ्याच गाड्यांत क्लीनर म्हणून ड्रायव्हरचाच कोणी भाचा-पुतण्या असतो, आणि तो स्वतः पोरांच्या वयाचा.

गावातलीच एखादी मावशी ठेवा. जिला प्रत्येक पोराचं नाव, घर, आईबाप माहीत आहेत अशी. तिच्यासमोर अर्धा दंगा तिथंच थांबतो. जागा ठरवून द्या, लहान पोरं पुढे, दंगेखोर मावशीच्या शेजारी, मागची सीट मोठ्या पोरांच्या मालकीची होऊ देऊ नका. जी पोरं सकाळी सगळ्यात आधी चढतात तीच बहुतेक संध्याकाळी शेवटी उतरतात. तास-दीड तास उपाशीपोटी, उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली. चिडचिड होणारच. त्यांच्यासाठी मार्ग कधीतरी उलटा फिरवता येतो, सुटताना मूठभर फुटाणे देता येतात. आणि कृपा करून त्या स्पीकरवरची डबल मिनिंगची गाणी बंद करा.

दाराला लोंबकळणारा, दुसऱ्याला लागेपर्यंत मारणारा पोरगा असेल तर त्याला कडक वागवा. महिनाभर पुढच्या सीटवर बसवा, शाळेत रोज बोलावून बोला, आईबापांना संध्याकाळी फोन करा, दिवसा बोलावून त्यांची मजुरी बुडवू नका. ज्या मुलीला त्रास झाला तिच्या घरी वर्गाच्या बाईंनी स्वतः जावं आणि तिची शाळा बंद होणार नाही याचा शब्द घ्यावा. पण बस कोणाचीच थांबवू नका.

सरकारनं ग्रामीण मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट केला, मानव विकास योजनेच्या निळ्या गाड्या खास मुलींसाठी सुरू केल्या, ते गाडी नसेल तर शाळा नाही म्हणूनच. मग आपण शाळावाले गाडीचा दरवाजा शिक्षा म्हणून कसा बंद करतो?

पालकांनो, पुढच्या पालकसभेत दोनच गोष्टी विचारा. आमच्या मुलांच्या गाडीत सहायक बाई कोण आहे, आणि परिवहन समितीची शेवटची बैठक कधी झाली? उत्तर मिळेपर्यंत उठू नका.